नलूबाईची हाक

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. तळहातावर ठेवलेत तर हात खाली जाईल, असे माझे वजन. पाठीवर एके काळी कारखान्याचे नाव कोरलेले होते, ते आता झिजून गेले. कुलूप म्हणजे तोंड मिटून बसणारे, असा आमच्या घराण्याचा लौकिक आहे. पण आज मी तोंड उघडणार आहे. तुम्हाला वाटेल, एवढे दणकट कुलूप आता तिजोरीच्या आणि खजिन्याच्या बढाया मारणार. तसे काही नाही. माझे पितळ कसे उघडे पडले, तेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगताना माझी मान वर होत नाही.

माझा जन्म अलीगढच्या एका अरुंद गल्लीतला. वितळलेले पितळ साच्यात ओतून मला घडवले, कानशीने घासले, आणि एका म्हाताऱ्या कारागिराने पोटात एकेक खटका बसवला. मग लाकडी खोक्यात बसून मी रेल्वेने, ट्रकने, कुठे बैलगाडीने असा हिंडत राळेगावला येऊन पोहोचलो. तिथे एसटी स्टँडजवळ रहेमानमियाँचे कुलूप-किल्लीचे छोटे दुकान होते. एके दिवशी जवळच्या खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर आले आणि त्यांनी मला निवडले. रहेमानमियाँनी मला बंद केले, उघडले, पुन्हा बंद केले आणि म्हणाले, "गुरुजी, लागणं तं कोन्याबी कुलपाले येते. उघडते कसं, थे पाह्यलं पाह्यजे." तेव्हा मी मनात हसलो होतो. कुलपाची परीक्षा लागण्यात असते, असे मला वाटे. नवा होतो, अक्कल यायची होती.

शाळेत मला नलूबाईंच्या स्वाधीन केले गेले. नलूबाई शाळेच्या शिपाई. काष्ट्याचे हिरवे लुगडे, कपाळ मोकळे, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे पोरगे जागच्या जागी थबके. किल्ली त्यांच्या कनवटीला असे. दिवसभर मी उघडाच वर्गाच्या दाराला कोयंड्यात लोंबकळत राही आणि गुरुजी शिकवतील ते ऐके. पानिपत मला तोंडपाठ झाले. अपूर्णांक मात्र शेवटपर्यंत डोक्यात शिरले नाहीत.

तिथे पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. पाचवीतली शीला नावाची मुलगी तापाने मागच्या बाकावर झोपून गेली होती. शाळा सुटली. नलूबाईंनी दार ओढले, मला लावले आणि त्या घरी गेल्या. दिवेलागणीला शीलाची आई शोधत आली, तेव्हा लेकरू खिडकीच्या गजांना धरून रडत होते. नलूबाई अनवाणी धावत आल्या. घाईत त्यांची किल्ली दोनदा चुकली, माझ्या तोंडात शिरेना.

त्या दिवसापासून नलूबाईंनी एक रीत धरली. मला लावण्याआधी त्या उंबऱ्यावर उभ्या राहत, मान आत घालत आणि खणखणीत हाक देत, "आत कोनी हाये का?" मग थांबत. उत्तर आले नाही की पुन्हा एकदा हाक. मगच दार ओढत. मास्तर लोक त्यांची थट्टा करत. "नलूबाई, बाकं उत्तर देतात का हो?" नलूबाई म्हणत, "सामान राह्यलं आत तं सकाळी भेटते, गुरुजी. मानूस राह्यलं तं त्याची रात्र त्याले कोन वापस देईन?"

पुढची सगळी वर्षे मी ती हाक ऐकली. तिला कधीच उत्तर आले नाही. रिकाम्या वर्गाची ती शांतता ऐकली की मी बिनघोर मिटत असे. मला वाटे, कुलपाचे काम ते हेच. आत खडू, नकाशे, पुस्तके, आणि बाहेर मी. गावात माझे नावही झाले होते. कोणाचे काही हरवले की लोक म्हणत, "नलूबाईच्या कुलपात ठेवाचं होतं ना!" ते ऐकून मी फुगत असे.

शाळेतला आणखी एक दिवस मला सांगितलाच पाहिजे. डिसेंबरातली कोवळी उन्हे होती. गुरुजी म्हणाले, "आज मानवी हक्कांचा दिवस. जगातल्या देशांनी एकत्र बसून लिहून ठेवले आहे, की सगळी माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत. मान आणि हक्क सर्वांना सारखे. कोणी कोणाला गुलाम करायचे नाही, कोणी कोणाला विनाकारण डांबायचे नाही." वर्ग माना डोलवत होता. तेवढ्यात नलूबाईंचा मुलगा धर्मपाल उठून उभा राहिला. चौकस पोरगा. त्याने विचारले, "गुरुजी, हे हक्क देते कोन?"

"कोणी देत नाही. ते जन्मासोबत येतात. म्हणून तर कोणी काढून घेऊ शकत नाही."

"मंग ठेवतात कोठं?"

वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, "प्रत्येकाचे ज्याच्या त्याच्याजवळ." मला मात्र धर्मपालचा प्रश्न रास्त वाटला होता. मी कोयंड्यात लोंबत मनात म्हणालो, माझ्या दाराआड ठेवा की. एकही हक्क इकडचा तिकडे होऊ देणार नाही. पाहा माझा तोरा.

पुढे शाळेला नवी इमारत मिळाली, लोखंडी शटर आले, आणि मी अडगळ झालो. त्याच सुमारास नलूबाईंची नोकरी संपली. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल-नारळ दिला. त्यांनी वर मलाही मागून घेतले. घरी नेऊन कोनाड्यात ठेवले. त्यांच्या घराला कुलपाची गरज नव्हती, चोरालाच काहीतरी ठेवून जावेसे वाटावे असे ते घर. मी कोनाड्यात पडून राहिलो. अंगावर हिरवट डाग चढले, खटके आळसावले. मला कामाची फार ओढ लागली. कसलेही चालेल, पण काम मिळू दे, असे मी म्हणत असे. मित्रांनो, असे कधी म्हणू नये. काम कसले, हे आधी विचारावे.

ती कापसाची वाईट वर्षे होती. कधी पाऊस दगा देई, कधी बोंडअळी, कधी भाव. गावात जो तो दुसरे काहीतरी शोधत होता. धर्मपाल आता बाप झाला होता, त्याची रुपाली शाळेत जात होती. चार ठिकाणी विचारत विचारत त्याला एका जिनिंगमध्ये चौकीदाराचे काम मिळाले. जिनिंग म्हणजे जिथे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात तो कारखाना. तिथे मजूर बाहेरगावचे होते. आर्णीकडच्या एका तांड्यावरून पंचवीस-तीस बाया-माणसे बाबूसिंग मुकादम घेऊन आला होता. त्यांच्या राहण्यासाठी कापसाचेच एक जुने गोदाम रिकामे केले होते. त्याला कुलूप हवे होते. धर्मपाल म्हणाला, "आमच्या घरी एक पडलं हाये."

नलूबाईंनी चिंच लावून मला घासले, तेल घातले, आणि किल्ली लेकाच्या हातात देताना बजावले, "लय वर्साचं सोबती हाये माह्यं. नीट वापरजो." मी सोन्यासारखा चकाकत होतो. मला काम मिळाले होते.

सुरुवातीला ते चांगलेच काम होते. मजूर सकाळी मशीनवर जात, गोदाम रिकामे होई, आणि त्यांच्या गाठोड्यांवर मी पहारा करी. गाठोड्यांत असून असून काय असणार? चार भांडी, एखादी आरशांची काचोळी, लेकरासाठी घेतलेला खुळखुळा. पण त्यांच्यासाठी तोच संसार होता. दसऱ्याच्या दिवशी जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा झाली. वजनकाट्याला, पट्ट्याला, फावड्याला झेंडू बांधले. तेव्हा मजुरांतली कोकिळा नावाची बाई उठली आणि माझ्याकडे आली. तिने मला हळदकुंकू लावले, माझ्या कडीत झेंडूचे फूल खोवले आणि हात जोडून म्हणाली, "आमची राखन करजो, बाप्पा." बाकीच्या बायाही तिच्यामागून पाया पडल्या. मुकादमाने त्यांना सांगितले होते, हे कुलूप तुमच्यासाठी आहे. त्यांना ते खरे वाटले, आणि खोटे तरी कशाला वाटावे? त्यांच्या तांड्यात मुकादम म्हणजे घरचाच माणूस.

ते कुंकू आठवले की आजही माझ्या अंगाची लाही होते.

दिवाळीनंतर दोघे मजूर न सांगता गावी निघून गेले. जिनिंगचे मालक शेठ मुकादमावर ओरडले, मुकादम चौकीदारावर ओरडला. बाबूसिंग म्हणाला, "धरमपाल, या लोकाइनं उचल घेतली हाये. संध्याकाई सगळे आत गेले का कुलूप लावत जाय. त्याइच्याच भल्याचं हाये, चोरबिर येते." गोदामाला आतून कडी नव्हती. ते कापसासाठी बांधलेले. कापूस काही आतून दार लावून घेत नाही.

त्या संध्याकाळी धर्मपाल उंबऱ्यावर उभा राहिला. त्याने मान आत घातली. सवयीने मी नलूबाईंच्या हाकेची वाट पाहू लागलो. पण त्यांच्या लेकाने वेगळेच विचारले.

"सगळे आले का आत?"

मग त्याने बोटाने डोकी मोजली, दार ओढले आणि मला लावले. मी लागलो. कुरकुरलोसुद्धा नाही. सात खटके एका दमात जाग्यावर बसले, कारण नलूबाईंनी तेल घातले होते.

मित्रांनो, त्या रात्रीपासून मला आतला आवाज ऐकू येऊ लागला. इतकी वर्षे माझ्या पाठीमागे शांतता असे. आता खोकला होता, कुजबुज होती, कोणी लघवीला जायचे म्हणून दार वाजवी. धर्मपाल उघडून देई, सोबत जाई, परत आणून कोंडी. तो वाईट माणूस नव्हता. आजाऱ्याला गोळ्या आणून देई, थंडीत शेकोटीला लाकडे देई. जयंतीला विहारात उभा राहून तो संविधानाची उद्देशिका एका दमात म्हणत असे. पण जिनिंगच्या फाटकातून आत येताना ते सगळे तो सायकलबरोबर बाहेरच उभे करी. सवय फार वाईट. पहिल्या दिवशी त्याने मला लावताना नजर चुकवली होती. आठ-पंधरा दिवसांत तो मला शीळ घालत लावू लागला.

मग तो दिवस आला. त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होते. सकाळी वीज गेली ती गेलीच, मशीन थांबले. त्याच सकाळी फाटकाशी कोकिळेचा भाऊ सेवादास आला. पहिल्या एसटीने आला होता, तोंडावर धूळ. म्हणाला, "याडीचं काही खरं नाई. कोकिळाचं नाव घेऊन राह्यली सारखी. बहिनीले घ्याले आलो." याडी म्हणजे त्यांची आई. बाबूसिंगने त्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. "हंगाम अर्ध्यावर हाये. आज तिले सोडली तं उद्या दहा जनाइच्या माया बिमार पडतीन. तू जाय, मी सांगतो तिले." सेवादास बराच वेळ फाटकाबाहेर उभा होता. मग परतीची गाडी चुकेल म्हणून गेला. आई मरणाच्या दारात, त्याला तरी किती थांबता येणार?

बाबूसिंगने कोकिळेला काही सांगितले नाही. मशीन बंद आहे, लोक उगाच गावात हिंडतील, म्हणून त्याने भर दिवसा सगळ्यांना गोदामात घातले, धर्मपालला कुलूप लावायला सांगितले आणि मोटारसायकल काढून यवतमाळला निघून गेला.

धर्मपालच्या पोटात ती गोष्ट राहीना. तो थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी खिडकीशी गेला आणि खाली पाहत त्याने कोकिळेला सगळे सांगितले. मग ती दाराशी आली. मी तिच्या माथ्याच्या उंचीवर होतो. मधे फक्त फळी.

"भाऊ, मले जाऊ दे. माहं गठुडं ठेव इथंच. भेटून वापस येतो, याडीची आन."

"माह्या हातात काही नाई, बाई," धर्मपाल म्हणाला.

किल्ली त्याच्या हातात होती. मी पाहत होतो. तो ती बोटांत फिरवत होता.

"मुकादमाले इचारल्याबिगर मी कसा खोलू? नोकरी जाईन माही. मले बी लेकरू हाये." तो बोलत राहिला आणि कोकिळा दार वाजवत राहिली. पहिल्यांदा तळहाताने, मग मुठीने. प्रत्येक धक्क्याला मी कोयंड्यावर आपटत होतो. तिने ज्याला हळदकुंकू लावले होते, तोच मी, तिच्या आणि तिच्या आईच्या मधे लोंबकळत होतो. मला त्या घटकेला तुटावेसे वाटले. पण मी चांगल्या कारागिराने घडवलेला. तुटलो नाही.

दुपार चढली तशी फाटकातून नलूबाई आल्या. धर्मपाल सकाळी डबा विसरून आला होता, तो घेऊन त्या पायी आल्या होत्या. जिनिंगमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. दार वाजायचे केव्हाच थांबले होते. कोकिळा थकून दाराला टेकून बसली होती, आतले सगळे गप्प होते. धर्मपाल पाणी आणायला हौदाकडे गेला होता. नलूबाईंना दुरूनच मी दिसलो. म्हातारीचा चेहरा उजळला. जुना सोबती भेटावा तशा त्या चालत आल्या, पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मग तोंडाला इतकी वर्षे लागलेली सवय, दुसरे काय? आत कोणी असेल अशी शंकासुद्धा त्यांच्या मनात नव्हती. दार बंद दिसले म्हणून त्यांनी उगाच, कौतुकाने हाक दिली.

"आत कोनी हाये का?"

आतून उत्तर आले. "हाव! हावो ना, माय! आम्ही हावो!" एकाचे नाही, सगळ्यांचे. बायांचे, पुरुषांचे, एका तान्ह्याच्या रडण्याचे. पंचवीस-तीस जणांचा आवाज माझ्या अंगातून आरपार गेला.

नलूबाई मागे सरल्या. डबा हातातून निसटला, भाकरी मातीत पडली. धर्मपाल घागर घेऊन येत होता तो जागीच उभा राहिला. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्याने मान खाली घातली.

"धर्मा, मानसं हायेत आत." नलूबाईंचा तो मैदानभर जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मानसं हायेत तं कुलूप काहून लावलं?"

"माय, मुकादमानं सांगतलं. माह्या हातात..."

"काय हाये तुह्या हातात? दाखव."

त्याने मूठ उघडली. किल्ली घामाने ओली झाली होती.

फटीतून कोकिळेचा आवाज आला. तिने चार शब्दांत सगळे सांगितले. नलूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मला वाटले, त्या किल्ली हिसकावून घेतील. त्यांनी घेतली नाही. त्या दाराजवळच्या दगडावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माह्या आज्यीले लोक हिरीवर चढू देत नव्हते. पानी वाढा म्हनून थे हात जोडून घंटा घंटा उभी राहे. आपन थे सांगतो, रडतो, भाषनं देतो. आन् आज तुह्या दाराशी हे बाई हात जोडून उभी हाये. भीक नाई मांगून राह्यली थे. तिचंच तिले मांगून राह्यली. खोल तू. माह्यासाठी नको खोलू, तुले समजलं अशीन तं खोल."

धर्मपाल पुढे आला. शीलाच्या वेळी त्याच्या आईची चुकली होती, अगदी तशीच त्याचीही किल्ली दोनदा चुकली आणि मग माझ्यात गेली. मी उघडलो. कधी उघडायची एवढी घाई मला झाली नव्हती.

कोकिळा कोणाकडे न बघता बाहेर पडली. धर्मपालने तिला सायकलवर बसवून स्टँडवर सोडले. राळेगावहून यवतमाळ, तिथून आर्णी, तिथून पायी तांडा. ती पोहोचली तेव्हा अंधार पडला होता आणि माती उरकून माणसे परत आली होती. याडी दुपारीच गेली होती, शेवटपर्यंत दाराकडे बघत. सेवादासबरोबर सकाळी निघाली असती तर कोकिळेला आईची भेट झाली असती.

संध्याकाळी बाबूसिंग आला आणि त्याने आकाशपाताळ एक केले. नवे कुलूप आणतो म्हणाला. पण तोवर मजुरांनी आपली गाठोडी आणून उंबऱ्यावरच मांडली होती आणि त्यांवर ते बसले होते. "दार लागलं तं काम बंद," एवढेच ते म्हणाले. धर्मपाल त्यांच्याजवळ जाऊन बसला. बाबूसिंग त्याला म्हणाला, "तुले काय वाटते, मले बरं वाटते का? शेठ मलेच धरते." तोही कुणाला तरी तेच सांगत होता, माझ्या हातात काही नाही. अंगणात कापसाचे ढीग पडलेले, शेठला काम थांबवणे परवडणारे नव्हते. दार उघडे राहिले. धर्मपालची नोकरी मात्र आठवड्याभरात गेली, आणि मला घेऊन तो घरी आला.

आणि पुढे काय झाले, ठाऊक आहे? कोणी पळाले नाही. हंगाम संपेपर्यंत बाकीचे सगळे तिथेच राबले. त्यांना काम हवेच होते. म्हणजे माझी गरज एक दिवसही नव्हती.

काही दिवसांनी कोकिळा आपले गाठोडे न्यायला आली. जाताना गावात धर्मपालच्या घरासमोरून गेली. धर्मपाल मला हातात घेऊन ओट्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला, हात जोडले, "बाई, माफ कर," म्हणाला. कोकिळा थांबली. तिचे डोळे कोरडे होते. "तू बेकार मानूस नाईस, भाऊ," ती म्हणाली. "तूनंच सांगतलं मले, तूनंच गाडीवर सोडलं. पन दुपारपावतर किल्ली तुह्याच हाती होती ना." तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती निघून गेली. माझ्या कडीत झेंडूचा वाळलेला देठ अजून अडकून होता.

दुसऱ्या दिवशी धर्मपालने मला रहेमानमियाँच्या दुकानात नेऊन ठेवले. "चाचा, याले फोडून टाका." रहेमानमियाँनी मला उलटेसुलटे करून पाहिले. "ह्याचा काय कसूर, बेटा? हाताने लावलं तं हे लागते."

तो भला माणूस माझी बाजू घेत होता. पण मला ते ऐकवेना. मलाही तोच मोह होत होता, की म्हणावे, माझ्या हातात काय होते? मला तर हातच नाहीत! पण धर्मपालने तेच म्हटले होते, बाबूसिंगने तेच म्हटले होते. ज्याने त्याने तेच म्हटले आणि कोकिळेची आई दाराकडे बघत गेली.

रहेमानमियाँनी मला फोडले नाही, धर्मपालच्याच हाती परत दिले. आता मी गावच्या विहाराशेजारी जी मुलांची अभ्यासिका आहे, तिच्या दाराला असतो. सारवण्या-झाडण्याचे आणि दार लावायचे काम धर्मपालने स्वतःहून मागून घेतले आहे. नलूबाई आता नाहीत. रोज संध्याकाळी मुले गेली, की धर्मपाल उंबऱ्यावर उभा राहतो, मान आत घालतो आणि आईसारखी हाक देतो, "आत कोनी हाये का?" मग आम्ही दोघे थांबतो. आतून काही आवाज येत नाही याची खात्री होईपर्यंत तो किल्लीला हात लावत नाही, आणि तोवर माझा जीव खालीवर होत असतो.

लहानपणी धर्मपालने विचारले होते, हक्क ठेवतात कुठे. माझ्या दाराआड ते कधीच मावले नसते, हे मला आता कळते. ते कोकिळेजवळ होते, कोंडलेल्या गोदामातसुद्धा तिच्याजवळच होते. आम्ही फक्त दार लावून बसलो होतो.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्या कुलपाचे एवढे ऐका. मला तेल घाला, न घाला, गंजलो तर गंजू द्या. पण आयुष्यात कुठलेही दार लावायची वेळ आली, मग ते घराचे असो, शाळेचे असो की कचेरीचे, आधी आत हाक मारा. उत्तर येते का, ते ऐकायला थांबा. आणि आतून "हाव" असे कोणी म्हणाले, तर आपल्या हातात काय आहे, ते मूठ उघडून बघा.